टेस्ला सी-२०५० व टेस्ला के-४० या दोन ग्राफिक्स कार्डांच्या कार्यक्षमतेचा तुलनात्मक अभ्यास : खोडद येथील जीएमआरटी दुर्बिणीच्या संदर्भात

सारांश : ग्राफिक्स कार्डाची निवड करताना सामान्यतः उत्पादकाने दिलेल्या कमाल गणनवेगाचा आधार घेतला जातो. प्रस्तुत लेखात एनव्हिडिया कंपनीच्या दोन भिन्न पिढ्यांतील कार्डांची तुलना, जुन्नर तालुक्यातील जीएमआरटी या रेडिओ दुर्बिणीस लागणाऱ्या गणनकार्याच्या कसोटीवर केली आहे. तक्त्यातील कमाल वेगाचे गुणोत्तर चारपटीहून अधिक असले, तरी प्रत्यक्ष कार्यात ते दुपटीपासून तिपटीपर्यंतच का राहते, याचे विवेचन येथे केले आहे.

बीजसंज्ञा : ग्राफिक्स कार्ड, मेमरी बँडविड्थ, फूरिए रूपांतर, सहसंबंधक, जीएमआरटी

प्रस्तावना :

पुणे–नाशिक महामार्गाने आंबेगाव तालुक्यातील मंचर मागे टाकून जुन्नर तालुक्यात प्रवेश केला की नारायणगाव लागते. तेथून पूर्वेस, खोडद गावाच्या परिसरात टाटा मूलभूत संशोधन संस्थेच्या राष्ट्रीय रेडिओ खगोलभौतिकी केंद्राची महाकाय मीटरतरंग रेडिओ दुर्बीण, म्हणजेच सर्वपरिचित जीएमआरटी, उभी आहे. डॉ. गोविंद स्वरूप यांच्या कल्पकतेतून साकार झालेल्या या दुर्बिणीत प्रत्येकी ४५ मीटर व्यासाच्या ३० अँटेना आहेत. त्यांपैकी १४ मध्यवर्ती भागात एकवटलेल्या असून उर्वरित १६ तीन भुजांवर सुमारे २५ किलोमीटरच्या प्रदेशात विखुरलेल्या आहेत. दरवर्षी २८ फेब्रुवारीच्या राष्ट्रीय विज्ञान दिनानिमित्त ही दुर्बीण सर्वांसाठी खुली केली जाते, तेव्हा परिसरातील शाळा-महाविद्यालयांचे विद्यार्थी मोठ्या संख्येने येथे येतात. त्यांची नजर साहजिकच त्या अवाढव्य तबकड्यांवर खिळते. परंतु तीस तबकड्यांचे संदेश एकत्र आणून त्यांतून आकाशाचे चित्र घडविण्याचे काम इमारतीच्या आत, संगणकांच्या रांगेत चालते आणि त्या संगणकांतील महत्त्वाचा भार ग्राफिक्स कार्डे वाहतात, ही गोष्ट फारशी लक्षात येत नाही.

ग्राफिक्स कार्ड हे मुळात संगणकाच्या पडद्यावर चित्र रंगविण्याचे साधन होय. पडद्यावरील लक्षावधी बिंदूंसाठी एकच सूत्र वेगवेगळ्या आकड्यांवर पुनःपुन्हा चालवावे लागते. म्हणून या कार्डात थोड्या परंतु बलाढ्य गणकांऐवजी साध्या गणकांची, म्हणजे ‘कोअर’ची, मोठी फौज असते. २००७ मध्ये एनव्हिडियाने ‘कुडा’ ही आज्ञावली-प्रणाली उपलब्ध केल्यानंतर ही फौज चित्रांव्यतिरिक्त अन्य गणितासाठी वापरणे सुकर झाले. ज्या टेस्ला के-४० या कार्डाचा विचार पुढे केला आहे, त्याला तर मॉनिटर जोडण्याची सोयच नाही. नावापुरतेच ते ग्राफिक्स कार्ड उरले आहे.

अभ्यासाचे उद्दिष्ट व पद्धती :

तुलनेसाठी २०१० मध्ये बाजारात आलेले ‘फर्मी’ पिढीतील टेस्ला सी-२०५० आणि नोव्हेंबर २०१३ मध्ये जाहीर झालेले ‘केप्लर’ पिढीतील टेस्ला के-४० ही दोन कार्डे घेतली आहेत. ही निवड सहेतुक आहे. जीएमआरटीची मोठी सुधारणा ज्या काळात आखली गेली आणि प्रत्यक्षात उतरली, त्याच काळातील या दोन पायऱ्या होत. सुधारित दुर्बिणीच्या विस्तृत पट्ट्याच्या सहसंबंधकात एफपीजीए मंडलांच्या जोडीला केप्लर पिढीतील टेस्ला कार्डे वापरण्यात आली. आज ही दोन्ही कार्डे जुनी झाली असली, तरी त्यांच्या तुलनेतून दिसणारे तत्त्व जुने झालेले नाही.

तुलनेची पद्धत साधी आहे. प्रथम दुर्बिणीला एका सेकंदात किती गणितक्रिया कराव्या लागतात आणि त्यासाठी किती बाइट हलवावे लागतात, हे मूलभूत आकड्यांवरून काढले आहे. नंतर ते काम प्रत्येक कार्डाच्या प्रसिद्ध वैशिष्ट्यांशी ताडून पाहिले आहे. पुढे येणारे कार्डांचे आकडे हे सैद्धांतिक किमान आकडे असून प्रत्यक्ष यंत्रणेत कार्डांची संख्या त्याहून बरीच अधिक ठेवावी लागते.

दुर्बिणीची गणनविषयक गरज :

जुन्या जीएमआरटीची पट्टारुंदी ३२ मेगाहर्ट्झ होती. आरंभी तिचा सहसंबंधक खास बनविलेल्या इलेक्ट्रॉनिक मंडलांचा होता. पुढे जयंत रॉय, यशवंत गुप्ता व त्यांच्या सहकाऱ्यांनी सर्वसामान्य संगणकांच्या समूहावर चालणारी सॉफ्टवेअर यंत्रणा विकसित केली. तिच्यावरील शोधनिबंध २०१० मध्ये प्रसिद्ध झाला. त्यानंतरच्या सुधारणेत पट्टारुंदी कमाल ४०० मेगाहर्ट्झपर्यंत, म्हणजे साडेबारा पटींनी वाढली. पट्टा रुंदावला की क्षीण रेडिओ स्रोत टिपण्याची क्षमता वाढते. परंतु गणनाचा भारही त्याच प्रमाणात वाढतो. साध्या प्रोसेसरांच्या समूहावर हा भार पेलणे अवघड झाले आणि ग्राफिक्स कार्डांचा मार्ग पुढे आला.

४०० मेगाहर्ट्झचा पट्टा टिपण्यासाठी प्रत्येक संदेशाचे सेकंदाला ८० कोटी नमुने घ्यावे लागतात. प्रत्येक अँटेनापासून ध्रुवणाच्या दोन दिशांचे दोन संदेश येतात, म्हणजे एकूण ६० संदेश. यावरून सेकंदाला ४८ अब्ज नमुने होतात. एक नमुना ४ बिटांचा धरल्यास हा प्रवाह सेकंदाला २४ गिगाबाइटचा होतो. एका तासात ८६ हजार गिगाबाइटहून अधिक मजकूर जमा होईल. तो साठवून ठेवून सवडीने त्याचे गणित करावे, हा पर्याय नियमित निरीक्षणासाठी व्यवहार्य नाही. गणित त्याच क्षणी झाले पाहिजे. कार्ड मागे पडले तर मधले नमुने टाकून द्यावे लागतात, आणि एखाद्या पल्सारचा तो विशिष्ट स्पंद किंवा काही मिलिसेकंद टिकणारा रेडिओ स्फोट पुन्हा त्याच स्वरूपात कधीच येत नाही. घरच्या संगणकावर कार्ड संथ असेल तर चित्र अडखळत पुढे सरकते. येथे मात्र निरीक्षणच हातचे जाते.

गणनाचे दोन प्रमुख टप्पे आहेत. पहिल्या टप्प्यात प्रत्येक संदेश वारंवारतेनुसार सुटा केला जातो. यासाठी जलद फूरिए रूपांतर, म्हणजे एफएफटी, वापरतात. २०४८ वारंवारता-खंड हवे असतील तर ४०९६ नमुन्यांचा एक गट घ्यावा लागतो. नेहमीच्या हिशेबाने असे रूपांतर करताना प्रत्येक नमुन्यामागे सुमारे ३० दशांशी गणितक्रिया होतात. ४८ अब्ज नमुन्यांसाठी हा आकडा सेकंदाला १.४४ टेराफ्लॉप इतका येतो. एक टेराफ्लॉप म्हणजे सेकंदाला एक लाख कोटी गणितक्रिया.

दुसरा टप्पा सहसंबंधाचा. तीस अँटेनांच्या जोड्या ४३५ होतात; प्रत्येक अँटेनाचा स्वतःशी असलेला संबंध धरला तर ४६५. प्रत्येक जोडीसाठी ध्रुवणाचे चार गुणाकार, आणि प्रत्येक गुणाकार हा संमिश्र संख्यांचा असल्याने त्याच्या बेरजेसह ८ गणितक्रिया. हे सारे सेकंदाला ४० कोटी वेळा करायचे असल्याने एकूण भार ५.९५ टेराफ्लॉप होतो. दोन्ही टप्पे मिळून सुमारे ७.४ टेराफ्लॉप. विलंबाची दुरुस्ती, पल्सार निरीक्षणासाठी अँटेनांची बेरीज इत्यादी कामे याखेरीज आहेत.

या प्रक्रियेचे फलित मात्र आटोपशीर असते. एक सेकंदाची बेरीज धरल्यास सहसंबंधकातून सुमारे ३० मेगाबाइट बाहेर पडतात. आत आलेल्या प्रवाहाच्या जवळपास आठशेव्या भागाइतकाच हा मजकूर असल्याने तो सुखेनैव साठविता येतो.

दोन कार्डांची वैशिष्ट्ये :

तक्ता क्र. १ (सी-२०५० / के-४०)

कोअरची संख्या : ४४८ / २८८०
क्लॉक : १.१५ गिगाहर्ट्झ / ०.७४५ गिगाहर्ट्झ
कमाल वेग, एकेरी अचूकता : १.०३ टेराफ्लॉप / ४.२९ टेराफ्लॉप
कमाल वेग, दुहेरी अचूकता : ०.५१५ टेराफ्लॉप / १.४३ टेराफ्लॉप
मेमरी : ३ गिगाबाइट / १२ गिगाबाइट
मेमरी बँडविड्थ (सेकंदाला) : १४४ गिगाबाइट / २८८ गिगाबाइट
संगणकाशी जोडणी : पीसीआय एक्सप्रेस २.० / पीसीआय एक्सप्रेस ३.०
कमाल वीजवापर : २३८ वॅट / २३५ वॅट

तक्त्यातील कमाल वेग हा मोजलेला नसून गुणाकाराने काढलेला असतो, हे प्रथम ध्यानात घेतले पाहिजे. कोअरची संख्या गुणिले क्लॉक गुणिले दोन, असे त्याचे सूत्र आहे. एका ठोक्यात गुणाकार व बेरीज एकदम होते म्हणून दोन. ४४८ × १.१५ × २ म्हणजे १०३० आणि २८८० × ०.७४५ × २ म्हणजे सुमारे ४२९० गिगाफ्लॉप. कोअर ६.४ पटींनी वाढूनही वेग ४.२ पटींनीच का वाढला, याचे उत्तर क्लॉकच्या ओळीत आहे. फर्मीमधील कोअर दुप्पट ठोक्यावर पळविले जात असत. केप्लरमध्ये ही पद्धत सोडून कोअर अधिक संख्येने, परंतु सावकाश चालविण्याचे धोरण स्वीकारले गेले. त्याचा लाभ शेवटच्या ओळीत दिसतो. तेवढ्याच विजेत चौपट गणित होते, वॅटमागे ४.३ गिगाफ्लॉपऐवजी १८ गिगाफ्लॉप.

विक्रेत्यांच्या पत्रकात ठळक अक्षरांत छापला जातो तो हा चौपट वेगाचा आकडा. मेमरी बँडविड्थची ओळ खाली कोठेतरी असते आणि तेथे मात्र वाढ केवळ दुप्पट आहे. प्रस्तुत विवेचनाचा सारा भर या विसंगतीवर आहे.

बँडविड्थ आणि गणनवेग यांचा परस्परसंबंध :

नारायणगावच्या टोमॅटो उपबाजाराचे उदाहरण येथे समर्पक ठरावे. माल निवडणारे हात चौपट केले, परंतु गाड्यांतून क्रेट उतरवून आणणारे मजूर दुपटीनेच वाढविले, तर निवड चौपट होईल काय? एका क्रेटवर बराच वेळ बारकाईने काम करायचे असेल तर होईल. क्रेटवर नुसती नजर टाकून तो पुढे सरकवायचा असेल तर निम्मे हात रिकामे बसतील. कोअर म्हणजे निवडणारे हात आणि मेमरी बँडविड्थ म्हणजे क्रेट आणणारे मजूर.

हे गणिताच्या भाषेत मांडता येते. कमाल वेगाला बँडविड्थने भागले असता, एक बाइट आणण्याच्या वेळात कार्ड किती गणितक्रिया करू शकते, हे कळते. सी-२०५० साठी हा आकडा सुमारे ७ आहे आणि के-४० साठी सुमारे १५. एखाद्या कामात बाइटमागे याहून कमी गणितक्रिया असतील तर त्या कामाचा वेग मेमरी ठरविते. अधिक असतील तर कोअर ठरवितात.

आता एफएफटीचा विचार करू. प्रत्येक नमुना ४ बाइटचा करून वाचायचा आणि उत्तर म्हणून तेवढेच लिहायचे, म्हणजे ८ बाइटमागे ३० गणितक्रिया, बाइटमागे ३.७५. हा आकडा ७ पेक्षाही कमी आहे आणि १५ पेक्षा तर फारच कमी. म्हणून दोन्ही कार्डांवर एफएफटीचा वेग मेमरीच ठरविते. सी-२०५० वर तो जास्तीत जास्त ०.५४ टेराफ्लॉप व के-४० वर १.०८ टेराफ्लॉप होऊ शकतो. येथे के-४० दुप्पटच वेगवान ठरते. सी-२०५० आपल्या कमाल क्षमतेच्या निम्म्याने काम करते, तर के-४० ची तीन-चतुर्थांश क्षमता वाया जाते. दुर्बिणीचा एफएफटीचा भार पेलण्यास पहिल्या प्रकारची २.६७ कार्डे लागतील, दुसऱ्या प्रकारची १.३३.

सहसंबंधाचे चित्र निराळे आहे. एका क्षणाचे व एका वारंवारता-खंडाचे साठही आकडे एकदाच वाचले तर ४८० बाइट होतात आणि त्यांवर १४,८८० गणितक्रिया होतात. बाइटमागे ३१. दोन्ही कार्डांच्या मर्यादेहून हे अधिक असल्याने येथे कोअरची फौज खऱ्या अर्थाने कामास येते. कमाल वेगाने हिशेब केल्यास सी-२०५० ची ५.८ व के-४० ची १.४ कार्डे लागतात, म्हणजे चौपटीचा दावा येथे खरा ठरतो. मात्र वरील वाक्यातील ‘एकदाच वाचले तर’ या शब्दांत मोठी मेख आहे.

आज्ञावलीची गुणवत्ता :

नवशिक्या विद्यार्थ्याला सहसंबंधाची आज्ञावली लिहावयास सांगितली तर तो प्रत्येक जोडी स्वतंत्रपणे हाताळील. पहिल्या अँटेनाचे दोन आकडे वाचा, दुसऱ्या अँटेनाचे दोन वाचा, चार गुणाकार करा, बेरजेत मिळवा. तर्कदृष्ट्या ही आज्ञावली पूर्णतः निर्दोष आहे आणि तिचे उत्तरही अचूक येते. परंतु तिच्यात ३२ बाइट वाचून ३२ गणितक्रिया होतात. बाइटमागे अवघी एक. प्रत्येक अँटेनाचे तेच आकडे तीस-तीस वेळा मेमरीतून आणले जातात. दुर्बिणीच्या भारासाठी सेकंदाला सुमारे ५,९५० गिगाबाइट वाचावे लागतील. त्यासाठी सी-२०५० ची ४१ कार्डे आणि के-४० ची २१ कार्डे लागतील. कार्डातील कॅशमुळे प्रत्यक्षात परिस्थिती काहीशी सावरते, तथापि मूळ दोष त्याने जात नाही.

या आकड्यांची मागील परिच्छेदातील आकड्यांशी तुलना केली असता असे आढळते की, उत्तम लिहिलेली आज्ञावली जुन्या कार्डांवर चालविल्यास एफएफटीसह साडेआठ कार्डांत काम भागते; कच्ची आज्ञावली नव्या कार्डांवर चालविल्यास बावीस कार्डेही पुरतीलच असे नाही. तीन वर्षांनी नवे, चौपट वेगाचे म्हणून विकले जाणारे कार्ड घेऊनही हा तोटा भरून निघत नाही.

उत्तम आज्ञावली काय करते? ती अँटेनांचे लहान चौकोनी गट पाडते. एका गटाचे आकडे कोअरच्या अगदी जवळच्या स्मृतीत, म्हणजे रजिस्टर व सामायिक मेमरीत, एकदा आणते आणि त्या गटातील सर्व जोड्यांचे गुणाकार तेथल्या तेथे उरकते. मायकेल क्लार्क, पॉल ला प्लांट आणि लिंकन ग्रीनहिल यांनी याच पद्धतीने फर्मी पिढीसाठी सहसंबंधकाची आज्ञावली रचली आणि कार्डाच्या कमाल वेगाच्या ७९ टक्क्यांपर्यंत मजल गाठली. कमाल वेग हा केवळ कागदावरचा आकडा असतो, असे सरसकट म्हणणाऱ्यांनी हे उदाहरण अवश्य लक्षात घ्यावे.

येथे दोन कार्डांमधील आणखी एक भेद महत्त्वाचा ठरतो आणि तो उत्पादकाच्या पहिल्या पानावर सहसा सापडत नाही. फर्मीमध्ये ३२ कोअरचा एक गट असून त्यास ३२,७६८ रजिस्टर मिळतात. केप्लरमध्ये १९२ कोअरचा एक गट आणि ६५,५३६ रजिस्टर. कोअर सहापट, रजिस्टर दुप्पट. म्हणजे प्रत्येक कोअरच्या वाट्याला पूर्वी १,०२४ रजिस्टर येत होते ते आता ३४१ येतात. सामायिक मेमरी तर गटामागे कमाल ४८ किलोबाइट होती तेवढीच राहिली. दुसरीकडे, एका धाग्याला वापरता येणाऱ्या रजिस्टरांची कमाल मर्यादा ६३ वरून २५५ झाली, ही मोठीच सोय झाली. फर्मीसाठी लिहिलेली आज्ञावली केप्लरवर जशीच्या तशी चालते खरी, परंतु चौकोनी गटांचे आकारमान नव्याने बेतल्याखेरीज ती नव्या कार्डाचा पुरा लाभ घेऊ शकत नाही.

दोन्ही टप्पे सर्वोत्तम रीतीने लिहिलेले धरल्यास सी-२०५० ची ८.४ व के-४० ची २.७ कार्डे लागतात. गुणोत्तर ३.१ चे. हाच या तुलनेतील अनुकूल आकडा होय. नमुने ४ बिटांवरून ३२ बिटांवर आणणे आणि विलंबाची दुरुस्ती करणे ही कामे स्वतंत्र फेऱ्यांत केली, तर मेमरीवरील भार वाढून तेच गुणोत्तर २.६ पर्यंत घसरते. म्हणून कुशल आज्ञावलीकार अशा किरकोळ फेऱ्या शेजारच्या मोठ्या टप्प्यात सामावून घेतो.

बिट उलगडण्याच्या या क्रियेसंबंधी थोडे अधिक सांगणे आवश्यक आहे. ती संगणकाच्या मुख्य प्रोसेसरवर उरकून मग मजकूर कार्डाकडे पाठवावा, असे प्रथमदर्शनी वाटते. परंतु ४ बिटांचे ३२ बिट झाले की २४ गिगाबाइटचा प्रवाह १९२ गिगाबाइटचा होतो. पीसीआय एक्सप्रेस २.० च्या जोडणीतून एका दिशेने सेकंदाला कमाल ८ गिगाबाइट जातात, ३.० मधून सुमारे १६. केवळ मजकूर आत घेण्यासाठी अनुक्रमे २४ व १३ कार्डे खर्ची पडतील आणि ती बहुतांश वेळ निष्क्रिय राहतील. उलगडा कार्डावर केला तर हीच गरज ३ व २ कार्डांवर येते.

दुहेरी अचूकता व त्रुटिशोधन :

टेस्ला मालिकेची किंमत सामान्य खेळांच्या कार्डांच्या कितीतरी पट असे. त्यामागील एक कारण दुहेरी अचूकतेचा वेग हे होय. दुर्बिणीचे नमुने ४ वा ८ बिटांचे असल्याने सहसंबंधासाठी एकेरी अचूकता पुरेशी आहे; त्या अर्थी तक्त्यातील चौथी ओळ येथे निरुपयोगी ठरते. त्याच फर्मी पिढीतील जीटीएक्स-५८० या खेळांच्या कार्डाचा एकेरी वेग १.५८ टेराफ्लॉप व बँडविड्थ १९२ गिगाबाइट, म्हणजे दोन्ही बाबतींत सी-२०५० हून सरस आहे. मग टेस्ला का घ्यावे? मेमरीतील चुका शोधून दुरुस्त करण्याची सोय, मोठी मेमरी आणि अहोरात्र चालण्याची हमी ही त्याची उत्तरे होत. चूक-दुरुस्तीची सोय चालू केली की सी-२०५० मधील ३ गिगाबाइटपैकी २.६२५ गिगाबाइटच वापरास उरतात आणि बँडविड्थही काही प्रमाणात घटते. सहसंबंधात लक्षावधी गुणाकारांची बेरीज होत असल्याने एखाददुसऱ्या बिटाची चूक बहुधा त्या बेरजेत लोपून जाते. विद्यार्थ्यांच्या प्रयोगासाठी म्हणूनच खेळांचे कार्ड घेण्यात कमीपणा मानण्याचे कारण नाही.

वीज, उष्णता व रेडिओ गोंगाट :

सैद्धांतिक किमान संख्या पूर्णांकात घेतली तर सी-२०५० ची ९ कार्डे २,१४२ वॅट आणि के-४० ची ३ कार्डे ७०५ वॅट वीज घेतात. हा फरक केवळ वीजबिलापुरता मर्यादित नाही. घेतलेली जवळजवळ सर्व वीज उष्णतेत रूपांतरित होते आणि ती बाहेर काढण्यासाठी वातानुकूलनाला आणखी वीज लागते. शिवाय खोडदची जागा निवडताना शहरी रेडिओ गोंगाटापासूनचे अंतर हा एक प्रमुख निकष होता. शेकडो मेगाहर्ट्झवर चालणारे कार्ड स्वतःच त्या पट्ट्यात क्षीण रेडिओ लहरी फेकत असते. के-४० चा ७४५ मेगाहर्ट्झचा ठोका तर दुर्बिणीच्या ५५० ते ८५० मेगाहर्ट्झच्या पट्ट्याच्या मधोमध येतो. ज्या दुर्बिणीला दूरच्या आकाशगंगेतील हायड्रोजनची चाहूल घ्यावयाची आहे, तिच्याच अंगणात हे संगणक चालतात. त्यामुळे ते धातूच्या आच्छादनाने बंदिस्त केलेल्या खोलीत ठेवणे अपरिहार्य असते. जितकी कार्डे कमी, तितका हा बंदोबस्त सोपा.

प्रयोगशाळेतील उपयोजन :

जुन्नर, नारायणगाव, मंचर, घोडेगाव यांसारख्या गावांतील महाविद्यालयांत संगणकशास्त्राच्या विभागाला मिळणारे अनुदान मर्यादित असते आणि एकदा घेतलेले कार्ड पुढील अनेक वर्षे वापरावे लागते. दरपत्रके मागविताना तक्त्यात कोअरची संख्या व मेमरीचे आकारमान एवढेच रकाने ठेवण्याचा प्रघात सोडून बँडविड्थ आणि जोडणीची आवृत्ती हे दोन रकाने वाढविल्यास निवडीचा पाया अधिक पक्का होईल. त्याहून उत्तम म्हणजे आपल्या अभ्यासक्रमातील एखादे प्रातिनिधिक काम घेऊन त्याचे बाइटमागचे गणित मोजावे. प्रतिमाप्रक्रियेतील बहुतेक साधी कामे एफएफटीप्रमाणे मेमरीवर अडतात. मोठ्या सारणींचा गुणाकार सहसंबंधाच्या वर्गात मोडतो. पहिल्या प्रकारच्या कामांसाठी कोअरवर अधिक पैसे मोजणे व्यर्थ होय.

पदव्युत्तर विद्यार्थ्यांना हेच प्रात्यक्षिक म्हणूनही देता येईल. तीस कृत्रिम संदेश तयार करावेत, सहसंबंधाची आज्ञावली प्रथम जोडीगणिक व नंतर गट पाडून लिहावी आणि दोन्हींचा वेळ त्याच कार्डावर मोजावा. यासाठी दुर्बिणीची वा महागड्या कार्डाची गरज नाही. प्रयोगशाळेतील साधे कार्ड पुरते.

पुढील पिढ्या :

के-४० नंतरच्या काळात उत्पादकांनी मेमरीच्या अडचणीवर वेगळा उपाय योजला. मेमरीच्या चकत्या एकावर एक रचून त्या मुख्य चिपच्या अगदी लगत बसविण्यात आल्या. २०२० मध्ये आलेल्या ए-१०० या कार्डाचा एकेरी वेग १९.५ टेराफ्लॉप आणि ४० गिगाबाइटच्या आवृत्तीची बँडविड्थ सेकंदाला १,५५५ गिगाबाइट आहे. के-४० च्या तुलनेत गणनवेग साडेचार पट, तर बँडविड्थ ५.४ पट वाढली. सी-२०५० ते के-४० या प्रवासाच्या नेमके उलट असे हे घडले. नेदरलँड्समधील संगणकशास्त्रज्ञ जॉन रोमाइन यांनी २०२१ मध्ये प्रसिद्ध केलेल्या निबंधात या नव्या कार्डांतील, सारणी-गुणाकारासाठी असलेले ‘टेन्सर कोअर’ सहसंबंधासाठी राबवून दाखविले. दुर्बिणीचे नमुने मुळातच थोड्या बिटांचे असतात आणि टेन्सर कोअरही थोड्या बिटांच्या संख्यांवरच अधिक वेगाने चालतात, त्यामुळे हा मेळ जमला. २६ सप्टेंबर २०२४ रोजी राष्ट्रार्पण झालेल्या तीन ‘परम रुद्र’ महासंगणकांपैकी एक जीएमआरटीसाठी असून शीघ्र रेडिओ स्फोटांचा शोध हे त्याचे एक प्रमुख काम आहे. एफएफटीची अडचण मात्र ए-१०० वरही संपलेली नाही. त्याची बाइटमागची मर्यादा सुमारे १२.५ आहे आणि एफएफटीची गरज ३.७५ वरच स्थिर असल्याने या कार्डाच्या कमाल वेगापैकी जेमतेम ३० टक्के वेग त्या टप्प्यात हाती लागतो.